यादीतले शेवटचे नाव : दिलीप सरदेसाई

२४ ऑगस्ट १९७१ हा दिवस गणेश चतुर्थीचा होता. इकडे आपल्या घरांत माटोळीखाली गणपती बसले होते आणि तिकडे लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच हरवत होता. चतुर्थीचे निमित्त साधून तिथल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची एक हत्तीण मैदानावर आणली होती. आमच्यातल्या ज्येष्ठांना त्या दिवसाचा रेडिओ अजून आठवतो. एका बाजूला आरती, दुसऱ्या बाजूला धावसंख्या, आणि नैवेद्याच्या पानांवरून उठून कोणीतरी सारखे आतल्या खोलीत डोकावायचे. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी बाद केले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने चार गडी राखून सामना जिंकला. चंद्रशेखरचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्याच सामन्यात दोन्ही डावांत मधल्या फळीत टिकून ५४ आणि ४० धावा करणारा फलंदाज आपल्या गोव्याचा होता, मडगावचा होता, हे आमच्या नव्या पिढीला सांगावे लागते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्रलेख कोणावर लिहावा याची चर्चा झाली तेव्हा दिलीप सरदेसाई यांचे नाव पुढे आले. त्यांना जाऊन आता दोन दशके होत आली. त्यांचे नाव घेण्यामागे नुसता अभिमान नाही, एक कारण आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या आपल्या घरांत मुले खेळतात, चांगली खेळतात, आणि त्यांच्याकडे बघायला कोणी येत नाही ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. सरदेसाई यांचे आयुष्य या तक्रारीला दिलेले एक उत्तर आहे. ते पूर्ण समाधान करणारे नाही, पण खरे आहे.

दिलीप नारायण सरदेसाई यांचा जन्म ८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावला झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. शिक्षण मडगावच्या न्यू इरा हायस्कूलमध्ये. खेळ म्हटला की गोव्यात त्या काळी फुटबॉल, आजही बऱ्याच अंशी तेच. क्रिकेट खेळले जात होते, पण ते हौसेचे. मुलाला घडवणारी शालेय स्पर्धा, रोज शिकवणारा प्रशिक्षक, वरच्या संघाकडे नेणारी वाट, यांपैकी काहीही नव्हते. गोव्याचा स्वतःचा संघ रणजी करंडकात उतरला तो १९८५-८६ च्या हंगामात, म्हणजे सरदेसाई निवृत्त झाल्यावर दहा-बारा वर्षांनी. तेव्हा मडगावच्या एखाद्या मुलाने आपण भारताकडून कसोटी खेळू असे म्हटले असते तर घरच्यांनीही हसून सोडून दिले असते. कारण भारत म्हणजेच तेव्हा सरहद्दीपलीकडचा मुलूख होता. पेडण्याच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या त्या आपल्याच तालुक्याच्या वेशीवर. त्यानंतर सरहद्द ओलांडणे किती अवघड झाले होते हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे.

१९५७ मध्ये सरदेसाई कुटुंब मुंबईला आले. दिलीप तेव्हा सतरा वर्षांचे होते. इथे थोडे थांबून मुंबईचे क्रिकेट त्या वेळी कसे चालत होते ते पाहायला हवे, कारण त्याशिवाय या मुलाची अडचण लक्षात येत नाही.

मुंबईत मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की जाइल्स शील्ड, मग हॅरिस शील्ड अशा शालेय स्पर्धांत उतरे. तिथे धावा केल्या की नाव वर्तमानपत्रात येई. मग कॉलेज, मग एखादा जिमखाना, १९४८ पासून पावसाळ्यात सुरू झालेली कांगा लीग, कंपन्यांच्या स्पर्धा, आणि या साऱ्यातून गाळून निघालेले पंधरा-वीस जण मुंबईच्या रणजी संघाच्या दारात उभे राहत. या शिडीची प्रत्येक पायरी लोकांच्या डोळ्यांदेखत चढायची असे. सतराव्या वर्षापर्यंत मुंबईच्या होतकरू मुलाची पाच वर्षांची कामगिरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडपाठ असे. मडगावहून आलेल्या या मुलाच्या नावावर त्यातले काहीच नव्हते. हॅरिस शील्ड नाही, जिमखाना नाही, ओळख सांगणारा कोणी मोठा खेळाडू नाही. तो खराब खेळत होता म्हणून मागे होता असे नाही. त्याचे नाव कोणत्याही यादीत नव्हते, एवढेच.

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत आहेत. ती सांगतात की तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंची निवड होते. संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेतात, सात फेऱ्या चालतात, अडीचशेच्या आसपास मुले निवडली जातात. २००० साली टॉम ब्रॅडी नावाच्या मुलाला सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर घेतले गेले, आणि पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवून तो त्या खेळातला सर्वांत यशस्वी खेळाडू ठरला. त्याच्या आधी निवडलेल्या बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. तिथे शेकडो पगारी माणसे वर्षभर कॉलेजांची मैदाने पालथी घालतात, मुलांची उंची-वजन मोजतात, धावण्याची वेळ घड्याळावर लावतात, आणि तरीही असे होते. मग जिथे बघणारा एकच माणूस होता तिथे काय झाले असेल याचा विचार करावा.

तो एक माणूस म्हणजे मन्या नाईक. दिलीप यांनी चौपाटीच्या विल्सन कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तिथे क्रिकेटचे प्रशिक्षक म्हणून नाईक काम पाहत होते. मुंबईच्या मैदानांवर त्यांना मन्या नाईक याच नावाने ओळखत. मुलाच्या मागे शाळेतल्या धावांची यादी नाही, याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी त्याला नेटमध्ये खेळताना पाहिले आणि हा वेगळा आहे हे ओळखले. सरदेसाई यांच्या फलंदाजीची जी बाजू पुढे जगाला दिसली ती म्हणजे फिरकी गोलंदाजीपुढे पायांची हालचाल. चेंडूच्या टप्प्यापर्यंत पुढे जाणे किंवा पूर्ण मागे सरकणे, मध्येच अडकून न राहणे. हे शिकवून येते, पण ज्याला उपजत येते त्याला शिकवणे सोपे जाते. नाईकांनी त्याला शिकवले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला संघात उतरवले.

उतरवणे का महत्त्वाचे, ते लगेच दिसले. १९३५-३६ पासून विद्यापीठांची आपापसांत रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा भरते. आज तिचे नाव फारसे कोणी घेत नाही, पण त्या काळी निवड समितीचे लोक या सामन्यांकडे डोळे लावून असत. कॉलेजातून थेट कसोटीकडे जाणारी वाट तिथून निघे. १९५९-६० च्या स्पर्धेत दिलीप सरदेसाई यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. गोवा सोडल्याला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती.

पुढच्याच हंगामात पाकिस्तानचा संघ भारतात आला. पाहुण्यांविरुद्ध पुण्याला भारतीय विद्यापीठांचा सामना होता. सरदेसाई यांचा तो पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना. २६० मिनिटे खेळपट्टीवर उभे राहून त्यांनी ८७ धावा काढल्या. चार तास वीस मिनिटे हे केवळ कौशल्याने होत नाही, त्याला धीर लागतो. त्यानंतर बंगळूरला त्याच पाकिस्तानविरुद्ध मंडळाच्या अध्यक्षीय संघात त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी नाबाद १०६ धावा केल्या. डिसेंबर १९६१ मध्ये, ज्या महिन्यात गोवा मुक्त झाला त्याच महिन्यात, कानपूरला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. आम्हांला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. गोवा भारतात यायला आणि गोव्याचा मुलगा भारताच्या संघात यायला एकच महिना लागावा!

इथून पुढे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही, आणि तसे लिहिले तर ते खोटे होईल. १९६२ च्या सुरुवातीला संघ वेस्ट इंडिजला गेला. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परतले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्यानंतरच्या ब्रिजटाउन कसोटीत एकवीस वर्षांच्या सरदेसाई यांना सलामीला पाठवले गेले. ज्या मैदानावर आपल्या कर्णधाराची कवटी फुटलेली पाहिली, तिथेच तशाच वेगवान माऱ्यापुढे जाऊन त्यांनी ३१ आणि ६० धावा केल्या. पण भारत ती मालिका ५-० ने हरला, आणि सरदेसाई यांचेही पुढचे डाव साधले नाहीत.

नंतर चढउतार चालू राहिले. १९६३-६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत ४४९ धावा झाल्या. कानपूरला फॉलोऑनची नामुष्की आलेली असताना त्यांनी ७९ आणि ८७ केल्या व बापू नाडकर्णींच्या शतकासह सामना वाचवला. मार्च १९६५ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडने २९७ धावा केल्या आणि भारताचा डाव अवघ्या ८८ धावांत गुंडाळला. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात सरदेसाई यांनी नाबाद २०० धावा केल्या, भारताने ५ बाद ४६३ वर डाव सोडला, आणि सामना संपला तेव्हा न्यूझीलंडची अवस्था ८ बाद ८० होती. हरलेला सामना जवळजवळ जिंकला होता. पुढच्या दिल्ली कसोटीत त्यांनी १०६ धावा काढल्या.

यानंतर मात्र पडती वर्षे आली. १९६७ चा इंग्लंड दौरा दुखापतींत गेला, ऑस्ट्रेलियात धावा झाल्या नाहीत, संघातली जागा गेली. वय तिशीला आले. नवे खेळाडू दारात उभे होते. त्या काळी तिशीच्या फलंदाजाला एकदा वगळले की परत बोलावणे येत नसे. मुंबईकडून ते खेळत राहिले. मुंबईचा संघ तेव्हा रणजी करंडक दरवर्षी जिंकत होता. सरदेसाई तेरा हंगाम मुंबईकडून खेळले, दहा अंतिम सामने खेळले, आणि त्या साऱ्या काळात रणजी सामन्यात पराभूत संघात ते एकदाही नव्हते. पण रणजी ही रणजी आणि कसोटी ही कसोटी. लोकांच्या दृष्टीने त्यांचा काळ संपला होता.

१९७०-७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी संघ निवडायचा होता. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट. त्यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले होते. मर्चंटांचा कल तरुणांकडे होता, आणि तो योग्यही होता. विद्यापीठ स्पर्धेत धावांचा डोंगर उभा केलेल्या एकवीस वर्षांच्या सुनील गावसकर यांना त्याच यादीत जागा मिळाली. अशा यादीत तिशीच्या, वगळलेल्या सरदेसाई यांना कोण घेणार? वाडेकरांनी आग्रह धरला. मुंबईच्या मैदानावर त्यांनी या माणसाला वर्षानुवर्षे अडचणीच्या वेळी खेळताना पाहिले होते. अखेर सरदेसाई यांचे नाव यादीत आले, पण अगदी शेवटच्या नावांत.

पहिली कसोटी फेब्रुवारी १९७१ मध्ये किंग्स्टनला. पहिला दिवस पावसाने गेला. दुसऱ्या दिवशी भारताची अवस्था ५ बाद ७५. सरदेसाई खेळपट्टीवर होते आणि त्यांच्या जोडीला आले एकनाथ सोलकर. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करत. तिथल्याच एका खोलीत हे कुटुंब राहत होते आणि लहानपणी एकनाथ इतरांच्या सामन्यांचे धावफलक बदलत असे. मडगावहून उशिरा आलेला एक आणि माळ्याच्या खोलीतून आलेला दुसरा, अशा दोघांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. पुढे प्रसन्नाच्या साथीने नवव्या गड्यासाठी आणखी १२२. सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या. भारताबाहेर भारतीय फलंदाजाने केलेले ते पहिले कसोटी द्विशतक. भारताच्या ३८७ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर संपला. सामना चार दिवसांचा झाल्यामुळे १७० धावांची आघाडी फॉलोऑन देण्याला पुरेशी होती, आणि वाडेकरांनी सोबर्सना फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला. पण सोबर्सच्या संघाला त्यांच्याच घरी पुन्हा फलंदाजी करायला लावता येते हे दिसल्यावर आपल्या खेळाडूंची पाठ ताठ झाली.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. सरदेसाई ११२, सोलकर ५५. पदार्पण करणाऱ्या गावसकरांनी ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या, सलीम दुराणींनी सोबर्स आणि लॉइड यांना बाद केले, आणि भारताने सात गडी राखून वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय मिळवला. चौथी कसोटी ब्रिजटाउनला, त्याच मैदानावर जिथे नऊ वर्षांपूर्वी कॉन्ट्रॅक्टर जखमी झाले होते. भारत ६ बाद ७०. पुन्हा तेच दोघे. सातव्या गड्यासाठी १८६ धावा. सरदेसाई १५०. मालिकेत त्यांच्या एकूण धावा झाल्या ६४२, सरासरी ८०.२५. गावसकरांच्या ७७४ धावांमुळे तो आकडा मागे पडला, पण मालिका जिंकण्याचा पाया कोणी घातला हे मर्चंटांनी ओळखले होते. भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने सरदेसाई यांना दिले. ज्यांच्या समितीच्या यादीत हे नाव शेवटी आले होते त्यांनीच ते पहिले म्हणून उच्चारावे, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

मग त्याच वर्षीचा इंग्लंड दौरा आणि चतुर्थीचा तो दिवस. १९७२ च्या डिसेंबरात दिल्लीला ते शेवटची कसोटी खेळले आणि त्या हंगामानंतर निवृत्त झाले. ३० कसोटी, २००१ धावा, ५ शतके, सरासरी ३९.२३. प्रथम श्रेणीत दहा हजारांहून जास्त धावा. निवृत्तीनंतरही मुंबईच्या मैदानांवर ते हसतमुख, गप्पिष्ट, कोणाशीही बरोबरीने बोलणारे म्हणून सर्वांना माहीत होते. पत्रकार राजदीप सरदेसाई हे त्यांचे चिरंजीव. २ जुलै २००७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातल्या कसोटी मालिकेत सर्वोत्तम ठरणाऱ्या भारतीय खेळाडूला क्रिकेट मंडळाने त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला, आणि गोवा सरकारनेही क्रीडा पुरस्काराला त्यांचे नाव दिले. गोव्यात जन्मून भारताकडून कसोटी खेळलेला एकमेव खेळाडू म्हणून आजही त्यांचाच उल्लेख होतो. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि विचार करायला लावणारीही. मुक्तीला साठ वर्षे उलटून गेली तरी दुसरे नाव का नाही?

आता आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. ३९.२३ ही सरासरी चांगली आहे, पण विलक्षण नाही. ती कागदावर ठेवून कोणी निवड करायला बसले तर सरदेसाई यांच्यासारखे चार-सहा जण सापडतील. जे कागदावर येत नाही ते असे : ८८ वर सर्वबाद झाल्यावर नाबाद २००, ५ बाद ७५ असताना २१२, ६ बाद ७० असताना १५०. घर पेटलेले असताना हा माणूस खेळत होता. हे वाडेकरांना ठाऊक होते कारण ते समोरच्या टोकाला उभे राहून बघत आले होते. आणि नाईकांना मुलगा आवडला कारण ते नेटच्या मागे उभे होते. दोन्ही वेळा कोणीतरी जवळून, बराच वेळ, पूर्वग्रह न ठेवता पाहिले. निवड चांगली होते ती अशी.

आता आपल्याकडे येऊ. आपल्यातल्या कितीतरी घरांचे मूळ पुरुष मुक्तीनंतर शिक्षक म्हणून या भागात आले, कोणी खाणीवर आले, कोणी सरकारी नोकरीत, आणि काहींची घरे तर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी. राजधानी आणि मडगाव यांच्या नजरेत आपण नेहमीच थोडे कडेला. खेळातही तसेच. फुटबॉल म्हटला की सासष्टी, क्रिकेट म्हटले की मडगाव-पणजी. फुटबॉलमध्ये तरी चित्र थोडे बदलले. १९९९ मध्ये सेझा कंपनीने फुटबॉल अकादमी काढली, तेव्हा आपल्या साखळीत मुलांना निवडून, ठेवून घेऊन शिकवण्याची सोय झाली. लहान मुलांना शोधायला कोणी गावात आले की गावातून मुले निघतात, हे त्यातून आपण पाहिले.

पण ज्यांच्यापर्यंत कोणी पोचले नाही त्यांचे काय? आमच्या डोळ्यांसमोर एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, तो आता चाळिशीला आला आहे आणि हा लेख वाचेलही. डावखुरा, उंच, चवथीतल्या स्पर्धांत चेंडू असा आत आणायचा की आमच्यातले जुने खेळाडू चहा सोडून उभे राहत. वडील खाणीच्या ट्रकवर होते. एकदा निवड चाचणीचे कळले, तेही आदल्या संध्याकाळी. दोन बस बदलून तो पोचला तेव्हा नावे लिहून झाली होती. पुढच्या वर्षी ये असे सांगितले गेले. पुढच्या वर्षी तो कामाला लागला होता. यात कोणाची चूक शोधायची नाही. तिथल्या लोकांनी त्याला पाहिलेच नव्हते. आम्ही मात्र पाहिले होते, चार वर्षे पाहिले होते, आणि टाळ्या वाजवण्यापलीकडे काही केले नव्हते. चाचणीची तारीख आधी विचारून ठेवणे, एक दिवस रजा काढून त्याला गाडीने नेणे, तिथे थांबून दोन शब्द बोलणे, हे आमच्या हातात होते. सरदेसाई यांचे चरित्र वाचताना म्हणूनच अभिमानाबरोबर थोडी लाजही वाटते.

मुलगा मुंबईला जाऊन मोठा झाला यात गोव्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. कुटुंबाने १९५७ मध्ये मुंबई गाठली नसती तर मन्या नाईकांच्या नेटपर्यंत तो गेलाच नसता, आणि मडगावात एक चांगला हौशी खेळाडू होता एवढेच कोणीतरी सांगितले असते. असे किती चांगले हौशी खेळाडू आपल्या गावांत होऊन गेले त्याची मोजदाद नाही. एका घराच्या स्थलांतरावर अवलंबून असलेले हे नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. म्हणूनच बघणारे डोळे गावातच असायला हवेत.

यंदापासून मंडळाने एक वही ठेवायचे ठरवले आहे. चवथीच्या दिवसांत आपल्या मैदानावर जे सामने होतात, क्रिकेटचे असोत की फुटबॉलचे, मुलांचे असोत की मुलींचे, तिथे आमच्यातली दोन-तीन जाणती माणसे शेवटपर्यंत बसतील. जिंकलेल्या संघाच्या कर्णधाराचे नाव तर सगळ्यांना कळतेच. वहीत नाव लिहायचे ते संघ हरत असताना टिकून राहिलेल्या मुलाचे, सीमेवर उभे करून विसरून गेलेल्या मुलीचे, शिकून न आलेले काहीतरी ज्याच्या हातापायांत दिसते त्याचे. नाव, गाव, शाळा, काय दिसले ते दोन ओळींत. चाचण्यांच्या तारखा मिळवणे, प्रवासाचा खर्च आणि सोबतीला एक मोठे माणूस ही जबाबदारी मंडळाची. वर्षाला एकाच मुलाला नेता आले तरी चालेल. ज्यांना या कामात वेळ देता येईल त्यांनी उत्सवाच्या दिवसांत कार्यकर्त्यांकडे नाव द्यावे.

वहीतल्या सगळ्याच मुलांचे पुढे काही होणार नाही, हे आम्ही जाणतो. नाईकांच्या नेटमध्येही कितीतरी मुले आली असतील. पण त्यांतले एक मडगावचे होते, आणि चौदा वर्षांनी चतुर्थीच्या दिवशी ओव्हलवर हत्तीण आली तेव्हा ते मैदानात होते. बाप्पाच्या कृपेने आपल्या पेडणे-डिचोलीच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला असा दिवस दिसो, आणि त्या दिवशी आपल्याला नुसते रेडिओजवळ बसून राहावे न लागो, आपणही त्यात थोडे होतो असे म्हणता येवो, एवढीच यंदाची प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!